सुट्टीतलं बेकिंग आणि बदललेलं घर : वाचकांचे प्रश्न

सुट्टी लागली की बेकिंगची पत्रं वाढतात, आणि मुलांच्या शाळा सांभाळून घर बदलायचं तर तेही बहुतेक सुट्टीतच उरकावं लागतं. या वेळी दोन्ही विषयांची पत्रं एकत्र घेतली आहेत. टीस्पून म्हणजे सपाट ५ मिली आणि टेबलस्पून म्हणजे १५ मिली धरा. बाकी मापं ग्रॅममध्ये आहेत. वाटी-कपाची मापं का टाळली, ते खाली कळेलच.

प्रश्न : मुलं हौसेने कटरने तारे, झाडं, घरं कापतात. ट्रेमध्ये सगळं छान दिसतं, पण ओव्हनमधून सगळ्याच कुकीज पसरून, चपट्या होऊन बाहेर येतात. मैदा वाढवून पाहिला तर दगडासारख्या झाल्या.

मैदा वाढवल्याने आकार थोडा टिकतो, पण खुसखुशीतपणा जातो. खरं दुखणं बटरच्या तापमानात आहे. कुकी ओव्हनमध्ये गेली की बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं, आणि मैदा-अंड्याचं मिश्रण आवळून यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. मधल्या वेळात कुकी पसरते. गोळा जितका गार, तितका हा वेळ कमी.

कटरच्या कुकीजसाठी हे प्रमाण भरवशाचं आहे : बटर २०० ग्रॅम, पिठीसाखर १२० ग्रॅम, एक अंडं (टरफल सोडून साधारण ५० ग्रॅम), मैदा ३२० ग्रॅम, पाव टीस्पून मीठ, एक टीस्पून व्हॅनिला. अंडं नको असेल तर दोन ते अडीच टेबलस्पून दूध. बेकिंग पावडर अजिबात नको, ती आकार बिघडवते. दाणेदार साखरही नको, कारण ती ओव्हनमध्ये विरघळून कुकीला आणखी पसरवते.

बटर बोट दाबलं तर खळगा पडेल इतपतच मऊ हवं, तकतकीत किंवा तेलकट दिसायला लागलं तर परत गार करा. बटर आणि साखर जेमतेम मिनिटभर, एकजीव होईपर्यंतच फेटा. केकसाठी फेटतो तसं हलकं-पांढरं केलं तर त्यात हवा भरते, कुकी फुगते आणि मग बसते. मैदा घातल्यावर फक्त गोळा जमेपर्यंत मिसळा.

आता नेहमीचा क्रम उलटा करा. गोळा फ्रिजमध्ये ठेवून मग लाटण्याऐवजी, मऊ असतानाच त्याचे दोन भाग करा, प्रत्येक भाग दोन बटर पेपरच्या मध्ये ५ मिमी जाडीचा लाटा आणि ती पोळी तशीच सपाट ४५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. लाटण्याच्या दोन्ही बाजूंना ५ मिमी जाडीच्या दोन पट्ट्या ठेवल्या तर लहान मुलाच्या हातूनही जाडी सारखी येते. पोळी कडक झाली की कापा. आकार कागदावरून अलगद सुटतात, वरून मैदा भुरभुरावा लागत नाही. एक पोळी कापून होईपर्यंत दुसरी गारच राहते.

उरलेले तुकडे एकदा गोळा करून परत लाटायला हरकत नाही. तिसऱ्यांदा मात्र कुकीज चिवट होतात. त्याचे साधे चौकोन करा आणि मोठ्यांच्या चहाबरोबर संपवा!

१७५ अंशांवर १० ते १२ मिनिटं. कड सोनेरी आणि मधला भाग फिकट, बोटाला जरा मऊ लागणारा, असं दिसलं की बाहेर काढा. पाच मिनिटं ट्रेवरच ठेवा, मग जाळीवर. दुसरी खेप गरम ट्रेवर कधीही मांडू नका, ओव्हनमध्ये जायच्या आधीच बटर सुटायला लागतं. ट्रे एकच असेल तर तो पाण्याखाली गार करून पुसून घ्या.

आणि कप. तोच कप चमच्याने हलक्या हाताने भरला तर १२० ते १२५ ग्रॅम मैदा मावतो, डब्यात बुडवून भरला तर दीडशेच्या आसपास. एका घरात जमलेली कृती दुसऱ्या घरात बिघडते ती बरेचदा इथेच. किचनचा वजनकाटा घ्या, त्यापुढे बाकीची उपकरणं दुय्यम आहेत.

प्रश्न : मुलगी ४ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. दोघांनाही सगळंच करायचं असतं आणि शेवटी रडारड होते. कामं कशी वाटून द्यावीत? कच्चा गोळा खाल्ला तर चालतो का?

दुसऱ्याचं उत्तर आधी : नाही. कच्च्या अंड्याचा धोका बहुतेकांना माहीत असतो, पण कच्चा मैदाही तसाच आहे. दळताना त्यातले जंतू मरत नाहीत. त्यामुळे बिनअंड्याचा गोळासुद्धा चाटायचा नाही. सजावटीचं आयसिंग चाटायला ठेवा, भांडण आपोआप मिटतं.

चार वर्षांच्या मुलीला आधीच मोजून ठेवलेल्या वाट्या ओतायला द्या, कोरडे जिन्नस ढवळायला द्या, कटर दाबायला द्या. कटर दाबून फिरवायचा नाही, सरळ वर उचलायचा, एवढं एकदा दाखवलं की पुरे. नऊ वर्षांच्या मुलाला वजनकाटा सांभाळू द्या. भांडं ठेवून काटा शून्य करायचा, जिन्नस ओतायचा, परत शून्य करायचा, हे त्याला सहज जमतं. अंडं वेगळ्या वाटीत फोडायचं, म्हणजे टरफल गेलं तर सगळं मिश्रण वाया जात नाही. कृती मोठ्याने वाचायचं कामही त्याचंच. ओव्हनचं दार मोठ्यांनीच उघडायचं. ओलं फडकं घेऊन गरम ट्रे धरू नका, ओल्या कापडातून उष्णता लगेच हातापर्यंत येते. चटका बसलाच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली हात धरा. बर्फ, टूथपेस्ट, तूप यांतलं काहीही लावू नका.

एका दिवसात कुकीज करणं आणि सजवणं दोन्ही करू नका. लहान मुलांचा उत्साह तासाभरात संपतो आणि गरम कुकीवर आयसिंग वाहून जातं.

प्रश्न : नव्या घरात नवा ओव्हन आहे. तोच केक, तीच कृती, तोच साचा. जुन्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३५ मिनिटांत होत असे. आता वरून काळा होतो, मध्ये फुगून तडकतो आणि आत कच्चा राहतो.

तुम्ही लिहिलेल्या खुणा, म्हणजे गडद कड, मध्ये टेकाड, त्यावर तडा आणि आत कच्चं, या ओव्हन सांगतो त्यापेक्षा जास्त तापत असल्याच्या आहेत. बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत १०-२० अंशांचा फरक असणं अगदी नेहमीचं. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो. तो मधल्या जाळीवर ठेवा, ओव्हन १८०वर लावा, २० मिनिटं तापू द्या आणि मग दर दहा मिनिटांनी असे चार आकडे लिहून घ्या. एकच आकडा पुरत नाही, कारण ओव्हन चालू-बंद होत तापमान वर-खाली करत असतो. चारांची सरासरी २०० आली तर यापुढे १८० हवं असेल तेव्हा १६० लावायचं, एवढाच हिशोब.

आतली उष्णता सगळीकडे सारखी आहे का, हे पाहायला पावाच्या स्लाइस वापरा. जाळीभर स्लाइस मांडा, १७५ अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा आणि कुठला कोपरा आधी लाल होतो ते बघा. फोटो काढून ठेवा. तो कोपरा केकसाठी टाळायचा, किंवा दोन तृतीयांश वेळ झाल्यावर साचा फिरवायचा.

ओव्हनचा प्रकार बदलला आहे का, तेही तपासा. पंख्याचा ओव्हन असेल तर साध्या ओव्हनच्या कृतीतलं तापमान २० अंशांनी कमी करा. छोट्या ओटीजीत वरचा रॉड साच्याच्या फार जवळ येतो. साचा खालच्या जाळीवर ठेवा आणि रंग आला की वर फॉइल सैल झाका. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये धातूचा साचा फक्त कन्व्हेक्शनवर चालतो, आणि साच्याभोवती तीन-चार सेंटिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर हवा फिरत नाही. आधी तापवताना दिवा विझला म्हणून लगेच साचा आत ढकलू नका. हवा तापलेली असते, भिंती नाही. दार उघडलं की ती हवा निघून जाते. दिव्यानंतर आणखी दहा मिनिटं द्या.

केक मध्येच खचतो त्याची कारणं वेगळी. फिकट आणि चिकट राहून खचला तर उष्णता कमी पडली, किंवा फार लवकर दार उघडलं गेलं. पहिली २५ मिनिटं दार उघडायचंच नाही. भरभर फुगून खचला, आतली छिद्रं मोठी आणि चव किंचित कडवट असेल तर बेकिंग पावडर जास्त झाली. १२० ग्रॅम मैद्याला एक ते सव्वा टीस्पून पुरते. अजिबात फुगलाच नाही तर अर्धा टीस्पून पावडर गरम पाण्यात टाकून पाहा. जोरात फसफसली नाही तर डबा टाकून द्या. घर बदलताना डबे उघडे-सैल राहतात, त्यात दमट हवा शिरते.

मिनिटांवर विसंबू नका. कड साच्यापासून सुटायला लागली, मध्ये बोट दाबल्यावर खळगा भरून आला आणि सुई कोरडी निघाली की केक झाला. कृतीच्या वहीत वेळेशेजारी या खुणा लिहून ठेवा, पुढच्या घरातही त्याच उपयोगी पडतील.

प्रश्न : आम्ही दुसऱ्या देशात चाललो आहोत. बेकिंगचं काय न्यावं, काय सोडावं?

ओव्हन, मिक्सर यांवरचा व्होल्टेजचा आकडा आधी वाचा. २२०-२४० व्होल्टची वस्तू ११०-१२० व्होल्टच्या देशात नीट तापणार नाही, आणि उलट केलं तर जळेल. ओव्हनइतकी वीज खाणाऱ्या वस्तूला ट्रान्सफॉर्मर लावणं परवडतही नाही आणि सोयीचंही नाही. ओव्हन सोडा. वजनकाटा (बॅटरी काढून), कटर, एक आवडता साचा आणि कृतींची वही न्या. साचे नेण्याआधी नव्या ओव्हनचं आतलं माप विचारून घ्या.

तिकडच्या कृती वाचताना : ३५० फॅरनहाइट म्हणजे सुमारे १७५-१८० सेल्सिअस, ब्रिटिश कृतींतला गॅस मार्क ४ (गॅस ओव्हनच्या बटणावरचा आकडा) म्हणजेही तेच. अमेरिकी कप साधारण २४० मिली, मेट्रिक कप २५० मिली. ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २० मिलीचा असतो, आणि बेकिंग पावडरच्या बाबतीत तो फरक जाणवतो. अमेरिकी कृतीत ‘एक स्टिक बटर’ म्हणजे ११३ ग्रॅम.

नवं गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असेल तर तिथे हवेचा दाब कमी असतो. केक लवकर फुगतो, लवकर सुकतो आणि बसतो. दर टीस्पूनमागे बेकिंग पावडर पाव टीस्पूनपर्यंत कमी करा, दर १२० ग्रॅम मैद्यामागे एक-दोन टेबलस्पून दूध किंवा पाणी वाढवा, तापमान दहा अंश वर न्या. एका वेळी एकच बदल करून बघा.

प्रश्न : सामान बांधायला सुरुवात झाली आहे, साचे खोक्यात गेले, आणि मुलांना नेमका आत्ताच केक हवा आहे!

घरात जो साचा उरला असेल तो वापरा, फक्त क्षेत्रफळ जुळवा. २० सेंमी गोल आणि १८ सेंमी चौकोनी साचा जवळजवळ सारखेच. २३ सेंमी गोल आणि २० सेंमी चौकोनीही तसेच. २० गोलमधली कृती २३ गोलमध्ये करायची तर सगळं सव्वापटीहून थोडं जास्त घ्या. साचा दोन तृतीयांशाच्या वर भरू नका.

जायच्या आधीचे दोन आठवडे फ्रीजरमध्ये नवं काही ठेवू नका. फ्रीज निदान एक दिवस आधी बंद करून कोरडा करावा लागतो. वाहतुकीत तो आडवा ठेवला गेला तर नव्या घरी उभा करून काही तास थांबा, मगच चालू करा. ओटीजीच्या जाळ्या काढून वेगळ्या गुंडाळा, आत काहीही भरू नका, दाराला टेप लावा. व्हॅनिलात अल्कोहोल असतं, उघड्या बाटल्या आणि स्प्रे सामानवाले बरेचदा घेत नाहीत, ते स्वतःजवळ ठेवा. वजनकाटा, एक भांडं, स्पॅट्युला, एक ट्रे आणि बटर पेपर यांचं छोटं खोकं वेगळं करून त्यावर मुलाच्याच हाताने नाव घालून घ्या. पहिल्या आठवड्यात तेच लागणार आहे.

प्रश्न : निघाल्याचे, नव्या घराचे, मुलांच्या बेकिंगचे फोटो सगळ्यांना दाखवावेसे वाटतात. काही पथ्यं?

निघायची तारीख आधी जाहीर करू नका, रिकाम्या घराची ती जाहिरात ठरते. घराचा नंबर, शाळेचा गणवेश, खोक्यावरचा पत्ता फोटोत येत नाही ना, ते पाहा. कॅमेऱ्यातली लोकेशनची नोंद बंद ठेवा. मूल सात-आठ वर्षांचं असेल तर टाकण्याआधी त्याला विचारा. त्याने नको म्हटलं तर फोटो आजी-आजोबांच्या ग्रुपपुरताच राहू द्या.

प्रश्न : मोठी मुलगी शिकायला लांब गेली आहे. धाकट्याला ताईसाठी कुकीजचं पार्सल पाठवायचं आहे. गेल्या वेळी चुरा पोचला, आणि उरलेल्या सादळल्या होत्या.

आयसिंग लावलेल्या, जॅम भरलेल्या, पातळ टोकांच्या कुकीज पाठवू नका. ताऱ्याची टोकं तुटणारच. गोल किंवा चौकोनी, ६ ते ८ मिमी जाडीच्या, बटरच्या साध्या कुकीज चांगल्या टिकतात. सुक्या मेव्याचा घट्ट केकही चालतो. ब्राउनी चार-पाच दिवसांत पोचणार असतील तरच.

सादळण्याचं कारण बहुतेक वेळा हेच, की कुकीज कोमट असताना डब्यात भरल्या जातात. जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, निदान दोन तास. मऊ केक आणि कुरकुरीत कुकीज एका डब्यात ठेवू नका, केकमधला ओलावा कुकीत शिरतो. दालचिनी किंवा पुदिन्याचा वास असलेलं काही असेल तर तेही वेगळं.

दोन-दोन कुकीज पाठीला पाठ लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि डब्यात आडव्या न रचता उभ्या, ओळीने घट्ट बसवा. मोकळी जागा चुरगळलेल्या बटर पेपरने भरा. डबा खोक्यात ठेवताना सगळ्या बाजूंनी ५ सेंमी कागद किंवा फोम हवा. खोकं बंद करून हलवा, आतून आवाज आला तर परत उघडा. परदेशात पाठवायचं तर दूध-अंड्याचे पदार्थ तिथे चालतात का, हे आधी तपासा, काही देश ते अडवतात.

मुलीला एवढं कळवा : पोचल्यावर कुकीज नरम वाटल्या तर १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं ठेवून पूर्ण गार करायच्या. गरम असताना त्या मऊच लागतात, गार झाल्या की परत कुरकुरीत होतात.