काउन्सिलमध्ये नोकरी आहे, दोन मुलांचं एकमेकांशी लग्न लावायला नाही म्हणू का?

प्रश्न: ताई, आम्ही इंग्लंडमध्ये असतो. मी काउन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) ऑफिसात रजिस्ट्रार आहे, आत्तापर्यंत जन्म-मृत्यूच्या नोंदी करत होते, आता लग्नांच्या ड्यूटीवर नाव आलंय आणि पुढच्या महिन्यात दोन मुलांचं एकमेकांशी लग्न आहे. सासरे म्हणतात आपल्या धर्मात हे बसत नाही, सरळ लिहून दे, इथे सगळ्यांच्या धर्माला मान देतात. मिस्टर काहीच बोलत नाहीत. मला स्वतःला पटत नाहीये की घरच्यांची भीती वाटतेय तेच कळत नाहीये. नोकरी जाईल का?

उत्तर: अगं, आधी कायद्याचं सांगते, कारण सासऱ्यांचा गैरसमज तिथेच आहे. हे असं लिहून देणारी तू पहिली नाहीस. लंडनच्या इझलिंग्टन काउन्सिलमध्ये लिलियन लाडेल नावाच्या रजिस्ट्रार होत्या, श्रद्धाळू ख्रिश्चन. 2005 च्या डिसेंबरमध्ये गे जोडप्यांची सिव्हिल पार्टनरशिप (लग्नासारखीच कायदेशीर नोंदणी) सुरू झाली, तेव्हा सुरुवातीला त्या सहकाऱ्यांशी ड्यूटी बदलून घ्यायच्या, पण त्याच ऑफिसातल्या दोन गे सहकाऱ्यांना ते लागलं आणि त्यांनी तक्रार केली. मग काउन्सिलने कारवाई सुरू केली. त्याविरुद्ध लाडेलबाई नोकरीच्या तंट्यांच्या ट्रिब्युनलमध्ये जिंकल्या खऱ्या, पण अपिलात हरल्या, 2009 मध्ये कोर्ट ऑफ अपीलमध्येही हरल्या आणि 2013 मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टानेही काउन्सिलचीच बाजू धरली. त्याच निकालात ब्रिटिश एअरवेजच्या नादिया एवीडा मात्र जिंकल्या, त्यांना कामावर गळ्यात क्रॉस घालायचा होता. म्हणजे तुझं मंगळसूत्र, तुझी टिकली, तुझा उपास याला इथे मान आहेच, पण समोरच्याचं काम अडवायला धर्म पुढे करता येत नाही. ते वागणं आणि हे वागणं वेगळं, एवढं सासऱ्यांना शांतपणे सांग.

आणि मला सांग, धर्माचा प्रश्न तिथे येतोच कुठे? तुमच्या ऑफिसातलं लग्न कायद्यानेच बिनधर्माचं असतं, तिथे ना मंत्र ना बायबल. ज्यांचं काम खरोखर धार्मिक आहे, पाद्री वगैरे, त्यांच्यावर सक्ती करायची नाही असं गे जोडप्यांना लग्नाची परवानगी देणाऱ्या 2013 च्या कायद्यात लिहिलेलंच आहे. रजिस्ट्रारला ती सूट नाही, कारण ती सरकारची माणूस. तू त्या दिवशी नक्की काय करणार? नोंदीचं काम तुझ्याकडे असेल तर दोघांची नावं, कामधंदा, आई-वडिलांची नावं (2021 पासून आईचंही नाव येतं, ते मला फार आवडतं) वाचून दाखवणार, स्पेलिंग बरोबर आहे ना विचारणार, मग त्यांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेणार. तुझा आशीर्वाद कोणी मागितलेला नाहीये.

आता आपल्याकडचं बघ. महाराष्ट्रात आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडपी स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्नाला जातात तेव्हा 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि घरी कळू नये म्हणून त्या काळात पोरं जीव मुठीत धरून असतात. तिथला क्लार्क म्हणाला की मला हे जातीबाहेरचं पटत नाही, उद्या या, तर आपण खपवून घेऊ का? आपल्याला संताप येईल आणि यायलाच पाहिजे. परदेशात तर आपणच कमी संख्येतले, प्रत्येक काउंटरवर समोरच्याने आपला रंग आणि देव न बघता काम करावं हीच आपली अपेक्षा असते. तीच त्या दोन मुलांची आहे.

सासऱ्यांना बहुतेक अमेरिकेतल्या किम डेव्हिसचं फॉरवर्ड आलं असेल, धर्मासाठी जेलमध्ये गेली म्हणून. केंटकीतल्या त्या काउंटी क्लार्कने 2015 मध्ये गे जोडप्यांना द्यावे लागू नयेत म्हणून सगळ्यांचेच लग्नाचे परवाने बंद केले होते आणि कोर्टाचा हुकूम मानला नाही म्हणून आत गेली. पुढे 2023 मध्ये ज्युरीने एका जोडप्यातल्या दोघांना प्रत्येकी 50,000 डॉलर द्यायला लावले.

नोकरीचं विचारलंस, तर हो, नकारावर अडून बसलीस तर कारवाई होऊ शकते. पण त्या भीतीने हो म्हणू नकोस, आधी दुसऱ्या कोणाबरोबर अशा एका लग्नाला नुसती जाऊन बस. माझा अंदाज आहे की तुला घरच्यांचंच टेन्शन आहे, तू स्वतःच अर्धं तसं लिहिलंयस. आणि बघूनही मन अजिबात तयार झालं नाही तर मॅनेजरला आत्ताच स्पष्ट सांग आणि पुन्हा पूर्णवेळ जन्म-मृत्यूच्या नोंदींकडे देता का विचार. ते नाही म्हणू शकतात, तो तुझा हक्क नाही. फक्त ऐनवेळी आजारी पडू नकोस आणि गुपचूप ड्यूटी बदलू नकोस, आणि तिथे गेलीस तर तोंड पाडून उभी राहू नकोस, त्या दोघांना ते लगेच कळतं, आयुष्यभर अशा चेहऱ्यांची त्यांना सवय असते गं.

आणि सासऱ्यांशी एकटीने बोलू नकोस. वडील त्यांचे आहेत, मिस्टरांनी तोंड उघडायला हवं. त्यांना हे उत्तर वाचायला दे आणि या शनिवार-रविवारीच तिघं बसून बोला, लग्नाच्या आदल्या रात्री नको.