समेट, सलोखा आणि पुनर्वसन

गुहागरच्या एक शिक्षिका युद्धानंतरच्या समाजांविषयीच्या एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करीत आहेत. 'युद्धोत्तर पुनर्वसनात स्वयंसेवी संस्थांची भूमिका' हे शीर्षक त्यांनी योजले आहे. पण 'पुनर्वसन' त्यांना खटकते, आणि लेखात वारंवार येणाऱ्या 'रीकन्सिलिएशन'साठी समेट घ्यावा की सलोखा, असे त्यांनी विचारले आहे.

त्यांना खटकते ते रास्तच आहे. 'पुनर्वसन'च्या पोटात 'वस्' म्हणजे राहणे हा धातू आहे, आणि उठलेल्या माणसांना पुन्हा वसवणे एवढाच त्याचा आवाका आहे. कोकणात तर हा शब्द ऐकला की कोयना धरणापायी घाटाखाली आलेली कुटुंबे किंवा जुलै २०२१ मध्ये दरडीखाली गेलेले महाड तालुक्यातील तळिये डोळ्यांपुढे येते. 'पुनर्बांधणी' पुलांना आणि शाळांना शोभते. समाजाची मात्र मराठीत घडी विस्कटते आणि घडीच पुन्हा बसवावी लागते. हा आयता वाक्प्रचार सोडून संस्कृत जोडशब्द शोधण्याचे कारण मला दिसत नाही.

'भूमिका' हा शब्दही जपून वापरावा. 'संस्थांची भूमिका' म्हटले की मराठी वाचकाला त्यांचे मत अपेक्षित असते, काम नव्हे. आणि अशा संस्थांत युद्धात पेरलेले सुरुंग काढणारे प्रशिक्षित कामगार पगारी असतात, म्हणून 'स्वयंसेवी'पेक्षा 'बिगरसरकारी' अधिक नेमके.

खरा प्रश्न समेट आणि सलोखा यांचा आहे, आणि त्याचे उत्तर क्रियापदांत सापडते. समेट होतो, घडवून आणला जातो. त्याला तारीख असते, बहुधा कागदही असतो. सलोखा नांदतो, टिकतो, राखावा लागतो. आमच्या तालुक्यातील एका गावात शिमग्याच्या पालखीच्या मानावरून दोन वाड्यांत तेढ पडली होती. बैठक झाली, मानकऱ्यांनी कागदावर सह्या केल्या आणि त्या वर्षी पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवण्याच्या गावच्या चौथऱ्यावर, आली. तो समेट होता. पण पलीकडच्या वाडीतील घरांपुढे पालखी थांबली, बायकांनी ओटी भरली आणि निघताना खांदा द्यायला अलीकडच्या वाडीतले तरुण आपणहून पुढे झाले, ते तिसऱ्या शिमग्याला. मधल्या दोन वर्षांत जे काही जुळले, त्याची नोंद कोणत्याही कागदावर नाही.

मोझांबिकचे उदाहरण घ्या. हिंदी महासागरापलीकडचा हा देश गोव्याप्रमाणेच पोर्तुगिजांच्या ताब्यात होता आणि १९७५ साली स्वतंत्र झाला. तेथील यादवी ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममधील कराराने थांबली, आणि दोन्ही बाजूंना बोलते ठेवण्यात सांत-एजिदिओ या कॅथलिक लोकसंघटनेचा मोठा वाटा होता. येथे 'समेट घडवून आणला' हेच लिहावे. पण कराराने शेतातले सुरुंग निघाले नाहीत. ते काढण्याचे काम हॅलो ट्रस्टसारख्या बिगरसरकारी संस्था वर्षानुवर्षे करीत राहिल्या, आणि देश सुरुंगमुक्त झाल्याची घोषणा २०१५ साली झाली. तेथील चर्चच्या परिषदेने १९९५ पासून लोकांकडून दडवलेल्या बंदुका घेऊन त्यांच्या बदल्यात कुदळी, सायकली आणि शिवणयंत्रे दिली. त्या बंदुकांचे तुकडे करून कलावंतांनी शिल्पे घडवली. ज्याने बंदूक दिली आणि कुदळ नेली, त्याला उद्यापासून शेजाऱ्याच्या बांधाला लागून राबायचे होते. हे काम सलोख्याचे आहे. त्याला 'समेट' म्हटले तर वीस वर्षांची मेहनत एका दिवसाच्या सह्यांत जमा होते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळातील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या, आर्चबिशप डेझमंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील आयोगालाही मी याच कारणाने 'सत्य आणि सलोखा आयोग' म्हणेन, मात्र तो कायद्याने नेमलेला होता, बिगरसरकारी नव्हे.

'तडजोड' येथे टाळावी. तिच्यात देवघेवीचा हिशेब आहे, आणि ज्यांची माणसे मारली गेली त्यांच्यापुढे तो शब्द ठेवणे मला क्रूर वाटते.

तेव्हा शीर्षक 'युद्धाने विस्कटलेली समाजाची घडी आणि बिगरसरकारी संस्थांचे कार्य' असे करावे. लेखात करार येईल तेथे समेट, शेजार येईल तेथे सलोखा लिहावा, आणि 'पुनर्वसन' परतलेल्या निर्वासितांच्या घरादारापुरते ठेवावे.