'रसायनसंश्लेषण' की 'रासायनिक संश्लेषण'?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे, की खोल समुद्रातील उष्ण झऱ्यांभोवतीचे जीव 'रासायनिक संश्लेषणावर' जगतात असे लिहावे की 'रसायनसंश्लेषणावर'. आणि मुलांना सोपे जावे म्हणून 'ते पृथ्वीच्या उष्णतेवर जगतात' असे सांगितले तर चालेल का.

'रसायनसंश्लेषण' हा सामासिक शब्दच वापरावा. 'रासायनिक संश्लेषण' हे प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात औषधे, रंग वगैरे तयार करण्याच्या क्रियेला रूढ झाले आहे. 'प्रकाशसंश्लेषण' म्हणजे प्रकाशाचे नव्हे, तर प्रकाशाच्या ऊर्जेने केलेले संश्लेषण. त्याच धर्तीवर रसायनांतील ऊर्जेने केलेले ते रसायनसंश्लेषण. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८८७ साली गंधक-जिवाणूंच्या अभ्यासातून ही कल्पना मांडली, तेव्हा समुद्रतळाचे झरे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे हा शब्द केवळ समुद्रापुरता समजू नये.

'उष्णतेवर जगतात' हे मात्र कटाक्षाने टाळावे. १९७७ साली गालापागोस बेटांजवळ, सुमारे २५०० मीटर खोलीवर, असे झरे आणि त्यांच्याभोवतीची दाट जीवसृष्टी प्रथम पाहण्यात आली. तळाच्या भेगांतून झिरपलेले पाणी तप्त खडकांपर्यंत पोचते आणि तेथील अभिक्रियांमुळे हायड्रोजन सल्फाइड व धातू घेऊन वर येते. उष्णतेचे काम येथवरचेच. ओहोटीला मांडवीकाठच्या खारफुटीच्या चिखलाला कुजक्या अंड्यांसारखा जो वास येतो, तो याच वायूचा. जिवाणू या सल्फाइडचे प्राणवायूने ऑक्सिडीकरण करतात आणि त्यातून सुटणारी ऊर्जा वापरून कार्बन डायऑक्साइडपासून सेंद्रिय अन्न बनवतात. तेथील महाकाय नळीकृमींना प्रौढावस्थेत तोंडही नसते आणि आतडेही नसते. त्यांच्या लाल पिसाऱ्यातील हिमोग्लोबिन सल्फाइड आणि प्राणवायू हे दोन्ही वाहून नेऊन शरीरात वसलेल्या जिवाणूंना पुरवते, आणि जिवाणूंनी बनवलेल्या अन्नावर कृमी पोसला जातो.

याच संदर्भात 'सूर्याशी संबंध नसलेली जीवसृष्टी' हा शब्दप्रयोगही पुष्कळदा वाचनात येतो. तोही अतिव्याप्त आहे, कारण जिवाणू वापरतात तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू वरच्या उजेडातील प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना प्राणवायू लागत नाही, तेव्हा केवळ त्यांच्यापुरते ते वर्णन खरे ठरेल. एकूण जीवसृष्टीविषयी 'सूर्यप्रकाश न पोचणाऱ्या खोलीवर रसायनसंश्लेषणाच्या आधाराने जगणारी' असे लिहावे.