इंग्लंडमध्ये कोर्टाचा निकाल पटला नाही तर अपील कसं करायचं?

तुम्ही विचारलंय की भावाला इंग्लंडमध्ये मॅजिस्ट्रेट कोर्टाने दोषी ठरवलंय तर वर जाता येईल का, आणि घरमालकाबरोबरची पैशाची केस हरलो तर तिथेही असंच अपील असतं का. मी वकील नाही, पण इथे राहून एकदा यातून गेलोय म्हणून लिहितो.

आधी भावाचं बघा, कारण त्याच्या हातात दिवस कमी आहेत. सध्याच्या नियमाने शिक्षा सुनावल्यापासून कामाच्या 15 दिवसांत क्राऊन कोर्टात अपील टाकायचं, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. तिथे केस अक्षरशः पहिल्यापासून चालते, साक्षीदार पुन्हा येतात, पुन्हा उलटतपासणी होते, फक्त ज्युरी नसते, एक जज आणि सहसा दोन मॅजिस्ट्रेट बसतात. पण शिक्षा वाढूही शकते हे भावाला आधीच सांगा. आणि त्याने गुन्हा कबूल केला असेल तर साधारणपणे फक्त शिक्षेविरुद्धच जाता येतं.

केस मुळात क्राऊन कोर्टात ज्युरीसमोर चालली असेल तर मात्र सगळं बदलतं. मग लंडनचं कोर्ट ऑफ अपील, मुदत 28 दिवस, आधी परवानगी लागते आणि एक जज कागद वाचून ती द्यायची की नाही ते ठरवतो. तिथे साक्षी पुन्हा होत नाहीत, दोषी ठरवणं भरवशाचं आहे का एवढंच बघतात. अँड्र्यू मॅल्किन्सन न केलेल्या बलात्कारासाठी 17 वर्षं आत होता, डीएनएमुळे 2023 मध्ये याच कोर्टाने त्याला दोषी ठरवणारा निकाल रद्द केला. त्याच्या केसचा फेरविचार करणाऱ्या आयोगाने आधी दोनदा नकार दिला होता, हे वाचून मला अजून त्रास होतो.

आता दिवाणी. माझी केस डिपॉझिटची होती. घरमालकाने कार्पेटच्या डागांचे फोटो दाखवले, जजने त्याचं ऐकलं, आणि आठवड्याने मला जुन्या फोनमध्ये राहायला आलो त्या दिवसाचे फोटो सापडले, डाग तेव्हापासूनचेच होते! मला वाटलं झालं, आता जिंकलोच. अपीलचा एन164 फॉर्म भरला, मुदत 21 दिवसांची असते, पण परवानगीच नाकारली, कारण ते फोटो सुनावणीच्या वेळी माझ्याकडेच होते, नीट शोधले असते तर मिळाले असते. दिवाणी अपीलात खालच्या जजची चूक दाखवावी लागते, आपण विसरलेलं नंतर आणून चालत नाही. परवानगी निकालाच्या वेळी त्याच जजकडेही मागता येते, मला ते माहीतच नव्हतं. आणि मोठ्या रकमेच्या केसमध्ये अपील हरलात तर समोरच्याच्या वकिलाचा खर्चही सहसा तुमच्यावर येतो.

सुप्रीम कोर्टाचा विचार आत्ता नको, तिथे सगळ्यांना लागू होईल असा कायद्याचा मोठा मुद्दा लागतो.

भावाला शिक्षा कुठल्या तारखेला झाली आणि त्याने गुन्हा कबूल केला होता का, तेवढं आज विचारून घ्या आणि उद्याच सॉलिसिटरला फोन करा.