हवेचा दाबमापक (बॅरोमीटर) घेतलाय? मग आधी हे ऐका

अभिनंदन! पण दुपारी चारला काटा दोन-तीन हेक्टोपास्कलने (हे हवेच्या दाबाचं माप) उतरलेला दिसला म्हणून पाऊस येणार असं समजून लगेच छत्री काढू नका. आपल्याकडे तो रोजच तसा उतरतो. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चार आणि दुपारी चारला खाली. मीही पहिल्या आठवड्यात फसलो होतो, घरात सगळ्यांना वादळाची वर्दी देऊन मोकळा! म्हणून आजचा आकडा कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी ताडून बघा. चोवीस तासांत तीन-चारने घसरला, तर मात्र कान टवकारा.

पुण्यात आकडा समुद्रकाठच्यापेक्षा बराच कमी, साडेनऊशेच्या आसपास दिसला तर यंत्र बिघडलेलं नाही. साधारण साडेआठ मीटर वर चढलं की दाब एका हेक्टोपास्कलने कमी होतो, आणि पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. यंत्र एकाच जागी ठेवा, गच्चीवर-खाली नाचवू नका.

नुसत्या दाबावर भागत नाही, वाराही बघा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला. पृथ्वी फिरते म्हणून आपल्या उत्तर गोलार्धात वारा कमी दाबाकडे सरळ न जाता उजवीकडे वळतो, त्याचा हा परिणाम. (डोंगराच्या कुशीत हे चालत नाही.) जुलैत बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार होऊन ओडिशाकडून मध्य प्रदेशात सरकला, की इथला पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि महाबळेश्वर, ताम्हिणीला धो धो सुरू. अशा वेळी ट्रेकचा बेत दोन दिवस पुढे ढकला.