प्रार्थनास्थळी देहाची कला

प्रश्न : मानवी देहावरील समकालीन कलाकृती चर्चमध्ये मांडणे उचित आहे का?

उत्तर : माझ्या मते उचित आहे, कारण ईश्वराने मानवी देह धारण केला अशी ज्या धर्माची श्रद्धा आहे, तिथे देह परका कसा ठरेल? इंग्लंडमधील विंचेस्टर कॅथीड्रलच्या तळघरात शिल्पकार अँटनी गॉर्म्ली यांचे १९८६ सालचे ‘साउंड टू’ हे शिल्प आहे : गॉर्म्ली यांच्या स्वतःच्या देहाच्या साच्यावरून घडवलेली ही शिशाची आकृती मान झुकवून ओंजळीतले पाणी पाहत उभी असते आणि पावसाच्या महिन्यांत तळघरात पाणी शिरले की तिचे पाय त्यात बुडतात. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये २०१४ साली बसवलेल्या व्हिडिओ-कलाकार बिल व्हायोला यांच्या चार उभ्या व्हिडिओ-पडद्यांवरही माती, वारा, अग्नी आणि पाणी यांचा मारा सोसणारे देहच दिसतात. मात्र उपासकांना विश्वासात न घेता केलेली मांडणी मला मान्य नाही.