घर तसंच राहू दे, आईला आधी विचार

पत्र: "मावशी, मी 47 वर्षांची, पुण्यात नोकरी करते. भाऊ बंगळुरात. आई 76 वर्षांची, उदगीरला एकटी असते. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, घर अजून त्यांच्याच नावावर आहे. गेल्या महिन्यात आई रात्री न्हाणीत पडली आणि सकाळी शेजारच्या काकूंना शंका येईपर्यंत तशीच पडून होती. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून ती खचलीय. पुण्याजवळ एक ज्येष्ठ निवास बघितलाय, अनामत 15 लाख, महिना 28 हजार. लातूरला एका ट्रस्टचा आश्रम आहे, महिना 12 हजार. भाऊ म्हणतो, लेकरं असून माय आश्रमात ठेवली तर गावात तोंड दाखवता येणार नाही; पुण्याचंच घेऊ आणि त्यासाठी उदगीरचं घर विकू. माझं घर दोन खोल्यांचं, मुलीची बारावी, नवरा फिरतीवर. आई एवढंच म्हणते, 'मला कुठंबी ठेवा, पण माझं घर मोडू नका.' मी वाईट मुलगी आहे का? – उदगीरची लेक"

लेकी,

नाही, तू वाईट मुलगी नाहीस. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात भावाचं मत आहे, गावाचं आहे, दोन्हीकडचे दर आहेत. आईचं वाक्य मात्र एकच, आणि तेही तुम्ही दोघांनी ऐकून बाजूला ठेवलंय. 'कुठंबी ठेवा' म्हणजे आता एकटीनं रात्र काढायची तिला भीती वाटते, हे तिनं कबूल केलं. आपल्याकडच्या बाया एवढं सहजासहजी कबूल करत नाहीत. तिची अट एकच आहे, आणि भावाचा बेत नेमका तीच मोडतो.

म्हणून घराचं आधी. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि आजी हयात नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं ते घर आई, तू आणि भाऊ अशा तिघांचं, सारख्या वाट्यानं. तुम्हा दोघींच्या सह्यांशिवाय ते विकता येत नाही. घाईघाईत आईकडून हक्कसोड किंवा बक्षीसपत्र करून घेऊ नका. पुढे कधी तिनं स्वतःहून काही कुणाच्या नावावर करायचं ठरवलंच, तर 'मला सांभाळण्याच्या अटीवर' हे कागदात लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 आहे: अशी अट असली आणि ती पाळली गेली नाही, तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन तो व्यवहार रद्द करून घेता येतो. तुझा भाऊ वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण परतायला घर आहे, या एका गोष्टीवर म्हातारं माणूस नव्या जागी रुळतं. कुलूप लावा, किल्ली तिच्याच पिशवीत राहू दे.

आता जागा. माझ्या आईच्या वेळी आमच्याकडून जी चूक झाली ती तुला सांगते, कारण तू त्याच वाटेवर आहेस. आम्ही दुपारी चारला गेलो. अंगण सारवलेलं, तुळस, म्हाताऱ्या बाया शेंगा फोडत बसलेल्या. चहा दिला. आम्ही खूश होऊन पैसे भरले. तिसऱ्या महिन्यात मध्यरात्री आईच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा कळलं की रात्री तिथे एकटा राखणदार असतो आणि गाडीची किल्ली व्यवस्थापकाच्या घरी असते. ती वाचली. पण ते दोन तास मी आजही विसरले नाही. आम्ही सगळं विचारलं होतं, रात्रीचं सोडून.

म्हणून तू लातूरला जाशील तेव्हा न सांगता, रात्री आठ-नऊला जा. रात्रपाळीला कोण असतं, तिचं नाव काय, ती कुठे झोपते, हाक मारली तर ऐकू येतं का, हे बघ. संडासाची वाट उजेडाची आहे का, धरायला दांडी आहे का, फरशी ओली असताना पाय घसरतो का, हे स्वतः चालून बघ. 'डॉक्टर ऑन कॉल' या शब्दांवर जाऊ नकोस. कोण डॉक्टर, आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री कुठल्या दवाखान्यात नेता, कशानं नेता, हे विचार. पाण्याचंही विचार. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे तुला सांगायला नको. बोअर आटलं की टँकर कोण आणतं? मे महिन्यात वीज गेली तर खोलीतला पंखा इन्व्हर्टरवर चालतो का?

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो विचारताना जीभ अडखळते: ती अंथरुणाला खिळली किंवा तिला विसर पडायला लागला, तर ठेवणार का? पुष्कळ ठिकाणी स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच प्रवेश असतो आणि नंतर 'घेऊन जा' असा फोन येतो. पुण्याच्या चकचकीत जागेलाही हेच विचार. तिथे 15 लाख भरून नेमकं काय मिळतं, घर नावावर होतं की फक्त राहण्याचा हक्क, महिन्याचे पैसे दरवर्षी किती वाढतात, आणि ती सहा महिन्यांत परत निघाली किंवा तिचं काही बरंवाईट झालं तर अनामतीतले किती, किती दिवसांत परत, हे तोंडी नको, करारात दाखवा म्हणावं. वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही.

माझं मत विचारशील तर, या प्रश्नांना नीट उत्तरं मिळाली तर मी लातूरकडे झुकेन. पैसे वाचतात म्हणून नाही. उदगीरहून लातूर एसटीनं दीड-दोन तास. शेजारच्या काकू, मावसबहीण, भजनातल्या बाया सकाळी येऊन संध्याकाळी परत जातील. आईलाही 75 च्या पुढची म्हणून एसटीचं तिकीट लागत नाही. 2022 पासून ती सवलत आहे. कुणाबरोबर तरी ती महिन्यातून एकदा घरी जाऊन दिवा लावून येईल. ताटात ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी असेल, आणि शेजारच्या खाटेवरची बाई तिच्यासारखीच बोलत असेल. पुण्यात तू जवळ असशील हे खरं. पण कामावरून थकून तू रविवारी दोन तास येणार, आणि उरलेला आठवडा ती अनोळखी माणसांत. अर्थात आई म्हणाली की मला लेकीजवळच राहायचंय, तर माझं हे सगळं मत बाजूला ठेव आणि पुण्याचं बघ.

काहीही ठरलं तरी आधी एक महिना राहून बघायचं. खोली घरभाड्यासारखी घ्या, अनामत नको. तिची गोधडी, देव आणि पितळी तांब्या बरोबर द्या. पहिले आठ दिवस ती रडेल, चिडेल, 'घेऊन जा' म्हणेल. तेवढ्यावर निकाल लावू नकोस. तिसऱ्या आठवड्यात ती काय म्हणते ते ऐक. तेव्हाही जेवण जात नसेल, झोप नसेल, तर मुकाट्यानं घरी आण आणि रात्री मुक्कामाला येणारी बाई शोध.

हे होईपर्यंत तिला एकटी झोपू देऊ नकोस, या आठवड्यापासूनच पैसे देऊन कुणाला तरी सोबतीला ठेव. ती का पडली हेही डॉक्टरांना विचार. रक्तदाबाच्या गोळीनं उठल्यावर चक्कर येते का, मोतीबिंदू आहे का, बी-12 कमी आहे का. कारण नुसती जागा बदलून पडणं थांबत नाही. सत्तरीपुढच्यांना 5 लाखांपर्यंत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, तेही काढून घे. अडलं तर ज्येष्ठांसाठी 14567 हा मोफत क्रमांक आहे.

भावाला सांग, गावाचं तोंड त्या रात्री न्हाणीच्या दारात नव्हतं. काकू होत्या. लोक काय म्हणतील ते विचारायचंच असेल तर त्यांना विचार, आणि खर्चाचा अर्धा वाटा कोण कधी पाठवणार ते दोघं मिळून लिहून काढा.

येत्या शनिवारी उदगीरला जा, भावाला फोनवर घेऊ नकोस. आईजवळ बस, दोन्ही ठिकाणांचे फोटो दाखव आणि गप्प राहा. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, ती शेतात जाणार का, हेही विचार. भज्जी-आंबील खायला जायचं म्हणाली, तर त्या दिवसाची रजा आजच टाक.

तुझी मावशी